शोधा म्हणजे सापडेल, पण एक घर पुढे

एका लांब मजकुरात एखादा छोटा मजकूर कुठे सुरू होतो हे सांगणाऱ्या फंक्शनला स्ट्रिंग सर्च म्हणतात. सी, जावा किंवा पायथनमध्ये हे काम एका ओळीत उरकते आणि ती ओळ लिहिणाऱ्याला आपण काही केले असे वाटतही नाही. प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत, म्हणजे असेंब्लीत, त्याच कामाला चाळीसेक ओळी लागतात. त्यांतल्या प्रत्यक्ष शोधण्याच्या ओळी चार-पाचच. बाकीच्या ओळी प्रोसेसरची समजूत घालण्यात खर्ची पडतात: कुठून बघायचे, कोणत्या दिशेने बघायचे, किती बघायचे, सापडले तर थांबायचे आणि नाही सापडले तरी केव्हातरी थांबायचेच.

वर्धा जिल्ह्यात हा विषय मुख्यतः अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत आढळतो. प्रोसेसरनुसार त्याच्या दोन जाती आहेत, ८०८५ आणि ८०८६. पहिल्या जातीसाठी रमेश गावकर यांचे पाठ्यपुस्तक भारतभर चालते. विद्यार्थी त्याला नुसते ‘गावकर’ म्हणतात, त्यामुळे ‘उद्या गावकर घेऊन ये’ या वाक्यात कोणाला बोलावणे पाठवायचे नसते. ८०८५ चे किट म्हणजे पेटीत बसवलेला एक बोर्ड, सोळा आकडी बटणे आणि वर लाल दिव्यांचे चार-सहा आकडे. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, प्रत्येक आज्ञेचा कोड तक्त्यात शोधायचा आणि एकेक बाइट बटणांनी भरायचा. म्हणजे शब्द शोधणारा प्रोग्राम भरण्यापूर्वी विद्यार्थ्यालाच पन्नासेक शब्द तक्त्यात शोधावे लागतात, आणि ते तो कुठल्याही अल्गोरिदमशिवाय शोधतो.

या किटवर ‘मेमरीतल्या बाइटशी तुलना कर’ ही आज्ञा बी आणि ई ही दोन बटणे दाबून भरतात. शोधाचा सगळा डोलारा याच आज्ञेवर उभा असतो. ज्या पदवीसाठी हा खटाटोप चालतो तिचेही नाव वर्षानुवर्षे बीई होते, फक्त ती दोन बटणांत होत नाही. कोड भरत असताना वीज गेली की रॅम कोरी होते आणि शोध पुन्हा पहिल्या बाइटपासून सुरू होतो. अशा वेळी शेजारच्या किटवरून ‘माया तं रनच नाही होऊन राह्यला राजा’ अशी सहानुभूती मिळते. वीज तिकडचीही गेलेली असते.

८०८६ हा प्रोसेसर इंटेलने १९७८ मध्ये आणला. स्ट्रिंगसाठी खास आज्ञा त्यात आहेत आणि पुस्तकात त्या फार सोप्या दिसतात. स्कॅसबी ही आज्ञा एएल रजिस्टरमधला बाइट मजकुरातल्या बाइटशी ताडून बघते. कम्पसबी मजकुराचे दोन तुकडे बाइटला बाइट लावून बघते. त्यांच्यापुढे रेप किंवा रेपनी जोडले की आज्ञा आपोआप पुन्हापुन्हा चालते. किती वेळा, ते सीएक्स रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचे. आता ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्राम चालत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेत हे सगळे जुन्या डॉस प्रणालीची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सच्या काळ्या खिडकीत चालवतात. नव्या कोऱ्या संगणकाला चाळीस वर्षे जुना असल्याचे सोंग आणायला लावायचे, आणि मग त्याच्याकडून एक शब्द शोधून घ्यायचा.

शोधायचा शब्द म्हणून पुस्तकात बहुधा तीन इंग्रजी अक्षरे घेतात. त्यात गंमत नाही. या कामासाठी ‘वर्धा’ हा शब्द इतका सोयीचा, म्हणजे इतका गैरसोयीचा आहे की तो मुद्दाम घडवला असावा अशी शंका येते.

वाचणाऱ्याला ‘वर्धा’ दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबात तो पाच चिन्हांचा आहे: व, र, हलन्त, ध आणि काना. संगणकात मजकूर साठवण्याची आज सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखाली अंथरायच्या कागदावर आखली. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. म्हणून प्रोसेसरला ‘वर्धा’ असा दिसतो: २२४, १६४, १८१, २२४, १६४, १७६, २२४, १६५, १४१, २२४, १६४, १६७, २२४, १६४, १९०. एकूण १५ बाइट. डॉसच्या खिडकीत हे अक्षररूपाने उमटत नाही, पण शोधणाऱ्याला त्याचे काही नसते. प्रोसेसरने आजवर एकही अक्षर वाचलेले नाही.

आता मजकूर घेऊ: ‘सेवाग्राम वर्धा’. ‘सेवाग्राम’ची नऊ चिन्हे म्हणजे २७ बाइट, मधली मोकळी जागा १ बाइट, ‘वर्धा’ १५ बाइट; बेरीज ४३. बाइट शून्यापासून मोजायचे, त्यामुळे ‘वर्धा’ २८ क्रमांकावर सुरू होतो. उत्तर आधीच ठाऊक आहे. प्रयोगशाळेतली सगळी उत्तरे आधी ठाऊकच असतात, आणि प्रोग्राम तेच उत्तर देईपर्यंत तो चुकला असे समजतात.

शोधण्याची बाळबोध रीत अशी: मजकुराच्या पहिल्या बाइटवर शब्द ठेवून बघायचा, जुळला नाही तर एक बाइट पुढे सरकवून पुन्हा बघायचा. यात पहिली अडचण पत्त्याची. स्कॅसबी आणि कम्पसबी या आज्ञा मजकूर ईएस नावाच्या सेगमेंटमध्ये शोधतात, डीएसमध्ये नाही. विद्यार्थी डीएस भरतो, कारण ती ओळ सगळ्यांच्या वहीत असते. ईएस भरायचे राहते. डॉस एखादा प्रोग्राम सुरू करतो तेव्हा ईएसमध्ये त्या प्रोग्रामच्या माहितीच्या २५६ बाइटांच्या एका मथळ्याचा पत्ता ठेवलेला असतो. मग प्रोसेसर ‘वर्धा’ त्या मथळ्यात शोधतो, इमानेइतबारे शोधतो, आणि नाही असे कळवतो. हे उत्तर बरोबरच असते. तिथे वर्धा नसतेच.

दुसरी अडचण दिशेची. डायरेक्शन फ्लॅग चढलेला असेल तर याच आज्ञा मजकूर उलटा वाचत मागे जातात. तो उतरवायला सीएलडी ही एका बाइटची आज्ञा पुरते. फ्लॅग बहुतेक वेळा आधीच उतरलेला असतो, त्यामुळे ती आज्ञा न लिहिणाऱ्याचा प्रोग्राम वर्षभर बिनबोभाट चालतो आणि बिघडायचा तो बाहेरचे परीक्षक आले की बिघडतो.

तिसरी अडचण मोजणीची, आणि ती जुनी आहे. ४३ बाइटांच्या मजकुरात १५ बाइटांचा शब्द किती जागी ठेवून बघता येतो? बहुतेक जण ४३ मधून १५ वजा करून २८ लिहितात. खरे उत्तर २९. शून्यापासून २८ पर्यंतच्या जागा २९ होतात, आणि वरच्या मजकुरात ‘वर्धा’ नेमका शेवटच्या, एकोणतिसाव्या जागी बसला आहे. २८ लिहिणाऱ्याचा प्रोग्राम सेवाग्राम ओलांडतो, मोकळी जागा ओलांडतो आणि वर्ध्याच्या तोंडाशी येऊन ‘सापडले नाही’ असे छापून मोकळा होतो. अगदी शेवटी न येणारा कोणताही शब्द दिला तर तो बरोबर चालतो, म्हणून सुधारायला नवशिका प्रोग्राम सोडून शब्द बदलतो.

याच वजाबाकीची दुसरी बाजू अधिक रंगतदार आहे. मजकूर शब्दाहून आखूड असला, समजा नुसता ‘सेलू’ म्हणजे १२ बाइट, तर जागांचा हिशेब १२ वजा १५ अधिक १, म्हणजे उणे २ येतो. सोळा बिटांच्या रजिस्टरला उणे कळत नाही. त्यात ६५,५३४ उमटतात. चार चिन्हांच्या सेलूत वर्धा शोधायला निघालेला प्रोसेसर मग ६५,५३४ जागा धुंडाळतो. त्यात प्रोग्रामचा डेटा येतो, आणि डेटात शोधायचा शब्दही ठेवलेला असतो. तो त्याला सापडतो. सेलूत वर्धा सापडल्याचे छापून येते आणि तालुक्यांच्या सीमांबद्दल नवीनच माहिती हाती लागते. यावर उपाय म्हणजे वजाबाकीपूर्वी दोन लांब्या ताडून बघणारी एक तुलना आणि एक उडी. दोनच ओळी.

बाळबोध रीत संथ वाटली की पुस्तक एक युक्ती सुचवते. शब्दाचा पहिला बाइट एएलमध्ये ठेवा, रेपनी स्कॅसबीने तो मजकुरात झपाट्याने गाठा, आणि तो सापडेल तिथेच पुढचे बाइट ताडून बघा. इंग्रजी मजकुरात ही युक्ती उत्तम चालते, कारण एखादे अक्षर दर दहा-वीस अक्षरांनी भेटते. देवनागरीत प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ आहे. ‘व’चाही २२४, ‘स’चाही २२४, काना-मात्रा-वेलांटीचाही २२४. युक्ती दर तिसऱ्या बाइटवर ‘सापडले’ म्हणून थांबते. ‘सेवाग्राम’मध्ये ती नऊ वेळा खोटी थांबते आणि दहाव्यांदा खरी. त्या नवांत ‘सेवा’मधल्या ‘व’वर तर सहाव्या बाइटपर्यंत आशा टिकते.

शिवाय स्कॅसबीची एक खोड आहे. बाइट ताडून झाला की ती मजकुरातला पत्ता धरणारे डीआय रजिस्टर आधी एकाने पुढे सरकवते आणि मग जुळले की नाही याचा विचार करते. त्यामुळे थांबते तेव्हा डीआय सापडलेल्या जागेच्या एक घर पुढे असतो. वर्ध्याचे तिकीट काढून सेवाग्रामच्या फलाटावर उतरावे तसे. डेक डीआय लिहून एक घर मागे यावे लागते. ही ओळ विसरणाऱ्यांचे उत्तर २९ येते, आणि वर सांगितलेली मोजणीची चूकही ज्यांनी केली आहे ते एकातून एक वजा जाऊन हिशेब जुळेल या आशेवर असतात. तो जुळत नाही.

आणखी एक बारीक जागा. सीएक्स शून्य असेल तर रेपनी एकदाही चालत नाही आणि जुळले की चढणाऱ्या झिरो फ्लॅगला हातही लावत नाही. त्याआधीच्या एखाद्या आज्ञेने फ्लॅग चढवलेला असेल तर प्रोग्रामला वाटते की जुळले. न बघता सापडले. याच्या बंदोबस्तासाठी जेसीएक्सझेड नावाची स्वतंत्र आज्ञा इंटेलने दिली आहे, यावरून ही चूक किती जणांची होणार याचा अंदाज त्यांनाही असावा.

जुळता जुळता बिघडले की शब्द एकच घर पुढे सरकवायचा, की जे जुळले होते त्याचा काही उपयोग करायचा, या प्रश्नावर १९७७ साली दोन निबंध प्रसिद्ध झाले. एक क्नूथ, मॉरिस आणि प्रॅट यांचा. त्याची हकिगत मजेशीर आहे. जेम्स मॉरिस यांनी १९६९ मध्ये एका संगणकाच्या टेक्स्ट एडिटरसाठी मजकुरात कधीही मागे न वळणारा शोध लिहिला. तो इतका अवघड होता की काही महिन्यांनी पाहतात तो इतर सहकाऱ्यांनी तो ‘दुरुस्त’ करून पार निकामी केलेला. दुसऱ्याच्या असेंब्लीत हात घालू नये हा धडा तेव्हापासून उपलब्ध आहे. कोणी घेतल्याचे दिसत नाही.

दुसरा निबंध बॉयर आणि मूर यांचा. त्यांची कल्पना अशी की शब्द शेवटाकडून ताडून बघावा. शेवटच्या जागी मजकुरातला जो बाइट आला आहे तो शब्दात कुठेच नसेल, तर पूर्ण शब्दाइतकी उडी मारता येते. मधले बाइट बघायचेच नाहीत. पाच अक्षरांच्या इंग्रजी शब्दासाठी साधारणपणे मजकुराची चौथाई अक्षरेच बघावी लागतात, असा त्यांचा हिशेब होता. न वाचता उत्तर देण्याची ही पद्धत विद्यार्थ्यांना मनापासून आवडते. १९८० मध्ये नायजेल हॉर्सपूल यांनी ती आणखी सोपी केली, आणि असेंब्लीत लिहायला हीच बरी.

हॉर्सपूलच्या रीतीत २५६ घरांचा एक तक्ता असतो. कोणता बाइट दिसला तर किती उडी, ते त्यात लिहिलेले. आधी सगळ्या घरांत रेप स्टॉसबीने १५ भरायचे, मग शब्दातल्या शेवटचा सोडून बाकीच्या बाइटांची घरे बदलायची. ‘वर्धा’साठी अशी सातच घरे निघतात: २२४ ला २, १६४ ला १, १६५ ला ७, १८१ ला १२, १७६ ला ९, १४१ ला ६ आणि १६७ ला ३. उरलेल्या २४९ घरांत १५ तसेच राहतात. तक्त्यातून आकडा उचलायला ८०८६ कडे एक्सलॅट ही आयती आज्ञा आहे. अभ्यासक्रमात ती कशासाठी आहे हे इतर वेळी कळत नाही.

आता ‘सेवाग्राम वर्धा’वर ही रीत चालवून पाहू. पहिली नजर १४ व्या बाइटवर: तो ‘ग’चा तिसरा बाइट, १५१. शब्दात नाही. उडी १५. दुसरी नजर २९ वर: मोकळ्या जागेने तिनाची लय मोडल्यामुळे आता ‘व’चा मधला बाइट, १६४, समोर येतो. उडी १. तिसरी नजर ३० वर: ‘व’चा शेवटचा बाइट, १८१. उडी १२. चौथी नजर ४२ वर: १९०, म्हणजे काना. शेवट जुळला, आता सगळे पंधरा बाइट ताडून बघायचे, जुळतात. चार नजरांत वर्धा. बाळबोध रीतीने यासाठी २९ जागा पालथ्या घातल्या होत्या.

या तक्त्यात एक अनपेक्षित सौजन्य आहे. शेवटच्या जागी चुकून एखाद्या चिन्हाचा पहिला बाइट आला तर उडी २, मधला १६४ आला तर उडी १. दोन्ही वेळा शोध आपोआप चिन्हाच्या टोकाशी येऊन पुन्हा लयीत बसतो. कोणी तशी व्यवस्था केलेली नाही. खोडा घालते ते मुख्यतः ‘त’ हे अक्षर. त्याचे बाइट २२४, १६४, १६४. तिसरा बाइटही १६४ असल्याने ‘त’ दिसला की पंधराची उडी एकावर येते. आणि मराठी मजकूर म्हणजे होतात, जातात, येतात, म्हणतात, बसतात. परदेशाहून आलेल्या रीतीला मराठी क्रियापदाने अडवावे हे ठीकच आहे.

एवढे करून जे सापडते ते वर्धा असते का? याचे उत्तर फंक्शनच्या कक्षेबाहेर आहे, पण फंक्शन वापरणाऱ्याच्या डोक्याबाहेर नाही. ‘वर्धापनदिन’ या शब्दाच्या पोटात पंधराचे पंधरा बाइट जसेच्या तसे आहेत. राज्यातल्या कुठल्याही पतपेढीचा वर्धापनदिन या शोधात वर्धा जिल्ह्यात जमा होतो. उलट, ‘वर्ध्याला’, ‘वर्ध्यात’, ‘वर्ध्याहून’ यांपैकी एकही सापडत नाही. ध नंतर काना येण्याऐवजी हलन्त येतो आणि चौदाव्या बाइटवर गाडे अडते. म्हणजे वर्ध्याला गेलेला, वर्ध्यात राहिलेला आणि वर्ध्याहून परतलेला माणूस शोधात नाही, आणि सोलापूरच्या संस्थेचा केक कापणारे पाहुणे आहेत.

यावर ‘वर्ध’ एवढेच शोधावे, अशी सूचना लगेच येते. मग सामान्यरूपे सापडतात, आणि त्यांच्याबरोबर गोवर्धन, वर्धमान, विवर्धन आणि संपूर्ण पशुसंवर्धन खाते सापडते. आर्वी, आष्टी, कारंजा भागातली गवळाऊ गाय प्रसिद्ध असल्याने शेवटचे निकाल काही प्रमाणात जिल्ह्यातलेच निघतात, पण ते फंक्शनचे श्रेय नव्हे. ‘वर्धमान’ची तर तऱ्हाच निराळी. ‘वर्धा’ शोधताना त्याचे पहिले चौदा बाइट तंतोतंत जुळतात. पंधराव्या जागी कान्याचा १९० हवा तिथे ‘म’चा १७४ असतो, आणि या दोन आकड्यांत एका बिटाचा फरक आहे. नागपूरच्या वर्तमानपत्रावर शोध चालवला तर वर्धमाननगर एका बिटाने सुटते, आणि ‘वर्धा रोड’ मात्र बरोबर सापडतो. तो रस्ता अपघात, कोंडी आणि फ्लॅटच्या जाहिराती यांसह बराचसा नागपुरातच असतो.

जुन्या फायलींचे काय, तेही पाहावे लागते. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात प्रत्येक चिन्ह एकाच बाइटचे असल्याने ‘वर्धा’ पाच बाइटांत बसत असे. वरची सगळी कसरत तिथे पाच घरांत आटोपते. कचेऱ्यांतून मात्र वर्षानुवर्षे क्रुतिदेवसारखे फाँट चालले. त्यांत मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांचा असतो आणि फाँट त्याला देवनागरीचा वेश चढवतो. क्रुतिदेवमधला ‘वर्धा’ म्हणजे ओ, तिरकी रेघ, के, के आणि झेड. रफार कान्याच्याही नंतर येतो, कारण टंकताना तो शेवटी मारतात. अशा फायलीत युनिकोडचे पंधरा बाइट शोधले तर वर्धा जिल्ह्याच्या स्वतःच्या कागदपत्रांत वर्धा एकदाही आढळत नाही. जुन्या छापील पुस्तकांतही अशीच अडचण आहे. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना १९३६ ची. काका कालेलकरांच्या लिपिसुधारणेनुसार इथे ‘इ’ऐवजी ‘अि’, ‘उ’ऐवजी ‘अु’ अशी स्वरखडी छापली जाई. टंकलेखन सुटसुटीत व्हावे असा हेतू होता. ती पुस्तके जशीच्या तशी संगणकावर उतरवली तर ‘इतिहास’ शोधणाऱ्याला त्यांत इतिहास मिळणार नाही. तीन बाइटांच्या जागी सहा आहेत.

शब्द जुळवण्यातल्या चुकीमुळे गावाचे नाव बदलल्याचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे, आणि त्यात संगणकाचा काही दोष नाही. गांधीजी १९३६ मध्ये ज्या गावी राहायला आले त्याचे नाव सेगाव. बुलढाणा जिल्ह्यातले शेगाव गजानन महाराजांमुळे आणि रेल्वे स्थानकामुळे आधीच सर्वांच्या परिचयाचे होते. पत्रे इकडची तिकडे जाऊ लागली, आणि गांधीजींना येणारी पत्रे थोडीथोडकी नव्हती. शेवटी १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. कम्पसबीला हा गोंधळ तिसऱ्याच बाइटवर कळला असता: ‘से’मधल्या ‘स’चा शेवटचा बाइट १८४, ‘शे’मधल्या ‘श’चा १८२. पण सेगाव राहिले असते तर शोधायचा शब्द १५ बाइटांचा असता, आणि आता तो २७ बाइटांचा आहे.

पोस्टमन चुकणार नाही तिथे कम्पसबी हटकून चुकते. सेलू वर्ध्यात आहे आणि परभणीतही. आष्टी वर्ध्यात आहे आणि बीडमध्येही. कारंजा वर्ध्यात आहे आणि वाशिममध्येही. आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात तीन तालुक्यांची नावे बाइटला बाइट दुसरीकडे सापडतात. लोकांनी कारंजा घाडगे आणि कारंजा लाड असा भेद केला आहे, पण तो बोलताना. लिहिताना बरेचदा नुसते कारंजा.

वेगाची हौस असणाऱ्यांसाठी २००८ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत १६ बाइट एका दमात ताडून बघणारी आज्ञा आली आहे. शब्द सोळा बाइटांत मावला पाहिजे आणि सोळाहून आखूड असेल तर त्याच्या अखेरीस शून्य हवा, एवढेच. ‘वर्धा’ पंधरा आणि शून्य एक, बरोबर सोळा. देवळी, आर्वी, आष्टीही काठोकाठ मावतात, सेलूला तर जागा उरते. कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर मावत नाहीत, त्यांना तुकड्यांनी जावे लागते. तालुक्यांच्या मागासलेपणाचे आजवर अनेक निकष लावले गेले, हा मात्र अजून कोणी लावलेला नाही.

शोध संपला की उत्तर छापायचे असते. डॉसमध्ये छापण्याची नववी सेवा मजकूर कुठे संपला हे डॉलरच्या चिन्हावरून ओळखते. डॉलर विसरला तर ती ‘सापडले’ छापून थांबत नाही. पुढची मेमरी, हसरे चेहरे, बदाम, चौकट, जे असेल ते छापत सुटते, वाटेत कुठे डॉलर भेटेपर्यंत. ‘डॉलर टाकला का बे?’ हा प्रश्न प्रयोगशाळेत एवढ्यासाठी ऐकू येतो. छापण्याच्या मजकुरात डॉलर लिहिता येत नाही ही या सेवेची मर्यादा खरी, पण हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा भाव रुपयांत निघत असल्याने जिल्ह्यात तिची झळ पोहोचत नाही.

फंक्शनमधून परतताना, सुरुवातीला स्टॅकवर पुश केलेली रजिस्टरे उलट्या क्रमाने पॉप करावी लागतात. एक पॉप कमी पडला तर रेट ही आज्ञा परतीचा पत्ता म्हणून स्टॅकवरचा भलताच आकडा उचलते. तो कधीकधी बाइटांची संख्या असते, कधी शब्दाचा पत्ता. प्रोसेसर तिथे जातो आणि तिथे जे आहे त्याला आज्ञा समजून पाळू लागतो. खिडकी बंद करण्यापलीकडे यावर इलाज नाही.

शेवटी मूल्य. सापडले तर क्रमांक, नाही तर काय? शून्य देता येत नाही, कारण शून्य क्रमांकावर सापडलेले असू शकते. म्हणून बहुतेक जण उणे एक देतात. तो सोळा बिटांत ६५,५३५ दिसतो आणि छापल्यावर परीक्षकाला बराच दूरचा पत्ता वाटतो. रिकामा शब्द शोधायला दिला तर काय द्यायचे याबद्दल मात्र सी भाषेच्या मानकात संदिग्धता नाही: रिकामा शब्द कुठल्याही मजकुरात सुरुवातीलाच सापडलेला असतो. बाहेरून आलेल्या परीक्षकाने शब्द न टंकता नुसते एंटर दाबले, तर प्रोग्रामने ‘सापडले, क्रमांक ०’ असे छापायचे असते. काय सापडले, असे परीक्षक विचारतातच. त्याचे उत्तर विद्यार्थ्याने तोंडी द्यायचे असते.